ऑर्डरचं काम

या पुस्तकात हाताने शिवलेल्या वह्या आहेत, जलरंगातली गुऱ्हाळं आहेत, गुळाच्या खोक्यावरची अक्षरं आहेत, लग्नपत्रिका आहेत, एका बालवाडीची रंगवलेली भिंत आहे आणि दोन कवितासंग्रहांची मुखपृष्ठं आहेत. इतक्या निरनिराळ्या गोष्टी एकाच पुठ्ठ्यात का बांधायच्या, असं पुस्तकाची जुळणी चालू असताना मला दोघातिघांनी विचारलं. चित्रांचं पुस्तक वेगळं काढा, हस्तकलेचं वेगळं. डिझाइनचं काम तर घालूच नका, ते पोटासाठी केलेलं असतं, असाही सल्ला आला. सल्ला देणारी माणसं चित्रकलेची जाण असलेली होती, म्हणून त्यांना सविस्तर उत्तर द्यावंसं वाटतं. पोटासाठी केलेलं काम या पुस्तकाच्या मध्यभागी आहे आणि ते तिथेच असायला हवं.

आधी चित्रकर्तीविषयी थोडं. तिचं नाव मुखपृष्ठावर आहेच. कोल्हापुरात वाढली, उपयोजित कलेची पदविका घेतली, काही काळ पुण्याच्या एका जाहिरात संस्थेत नोकरी केली आणि मग ती सोडून गावी परतली. तेव्हापासून ती स्वतंत्रपणे काम करते. तिशी अजून उलटायची आहे. घराच्या वरच्या मजल्यावरची एक खोली म्हणजे तिचा स्टुडिओ. तिथे एका टेबलावर संगणक, दुसऱ्यावर रंग, आणि खाली जमिनीवर कापडाच्या चिंध्या, पुठ्ठे, दाभण, दोरा, खळीचं भांडं. माझा छापखाना होता तेव्हा ती कागदाची कात्रणं न्यायला यायची. कटिंग मशीनखाली पडणाऱ्या पट्ट्या आम्ही रद्दीत घालत असू. "काका, टाकू नका हं, मला पायजेत," असं सांगून ती पोतं भरून न्यायची. त्या पट्ट्यांचं पुढे काय होतं ते मी बऱ्याच उशिरा पाहिलं, आणि पाहिल्यापासून तिच्या कामाकडे माझं लक्ष राहिलं.

कोल्हापुरात राहून कुणाला चित्र, हस्तकला आणि जाहिरात यांची सरमिसळ खटकावी याचं मला खरंच नवल वाटतं. बाबूराव पेंटर याच गावचे. जन्म १८९० चा, मेस्त्री घराण्यातला. वडील कृष्णराव कारागीर होते. बाबूराव कुठल्या कलाशाळेत शिकले नाहीत. घरात आणि कामावर शिकले. भाऊबंदांतले आनंदराव आणि ते मिळून नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवायचे. मग दोघांना सिनेमाचं वेड लागलं. आनंदराव १९१६ साली गेले, तरी बाबूरावांनी नाद सोडला नाही. विलायती कॅमेरा परवडणारा नव्हता, तेव्हा सुटे भाग घडवून त्यांनी तो इथेच, कोल्हापुरात तयार केला. 'सैरंध्री' १९२० साली लोकांपुढे आला. त्याची आणि त्यापुढच्या चित्रपटांची दृश्यरचना बाबूरावांची, कपडेपट त्यांच्या नजरेखालचा, आणि पोस्टरंही त्यांनीच रंगवलेली. तैलरंगातलं व्यक्तिचित्र काढणारा हात, लेथवर भाग घडवणारा हात आणि पोस्टर रंगवणारा हात एकाच माणसाचा होता. त्यांच्या हाताखाली तयार झालेले दामले आणि फत्तेलाल हेही पडदे रंगवणारेच. पुढे प्रभात फिल्म कंपनीत त्या दोघांनी 'संत तुकाराम' केला.

हे सगळं ऑर्डरचं काम होतं. नाटक मंडळीला पडदा हवा असायचा, तोही दौरा निघायच्या आत. सिनेमाला गिऱ्हाईक हवं असायचं. जी. कांबळे यांचं उदाहरण तर याहून जवळचं. आयुष्यभर चित्रपटांची पोस्टरं आणि बॅनर रंगवलेल्या या माणसाच्या हातून शिवाजी महाराजांचं जे चित्र उतरलं, ते राज्य शासनाने अधिकृत म्हणून स्वीकारलं. शाळांत, कचेऱ्यांत, घरोघरी आज आपण महाराजांचा चेहरा त्यांच्या चित्रातून पाहतो. त्या चित्रासमोर हात जोडणाऱ्या कुणालाही, चित्रकार एरवी सिनेमाची पोस्टरं रंगवायचा, हे कळल्याने चित्र उणं वाटलेलं मी ऐकलं नाही.

मग चित्र वर आणि ऑर्डरचं काम खाली, ही उतरंड आली कुठून? मुंबईत सर जे. जे. कलाशाळा सुरू झाली १८५७ साली, आणि ती सुरू झाली तीच मुळी कारागिरीला वळण लावण्याच्या हेतूने. लॉकवुड किपलिंग तिथे शिकवत होते तेव्हा विद्यार्थी मातीकाम आणि कोरीव शिल्प शिकत. क्रॉफर्ड मार्केटच्या दारावरची उठावशिल्पं त्याच वळणातली. पुढे चित्र आणि शिल्प हे शिक्षण वरचं ठरत गेलं, जाहिरातकलेचा विभाग निराळा निघाला आणि १९६१ साली उपयोजित कलेची संस्थाच स्वतंत्र झाली. शिकवण्याच्या सोयीसाठी विभाग पाडावेच लागतात, त्याबद्दल तक्रार नाही. पण विभागाच्या पाट्यांवरून आपण माणसांची प्रत ठरवू लागलो. एका इमारतीतून बाहेर पडलेला तो कलावंत, शेजारच्या इमारतीतून बाहेर पडलेला तो आर्टिस्ट, आणि दोन्हींत न गेलेला तो कारागीर.

मराठी घरांपुरतं बोलायचं तर आपल्या भिंतीवर आणि हातात चित्रं आली ती जवळजवळ सगळी या दुसऱ्या आणि तिसऱ्या माणसाकडून. रविवर्म्यांचा छापखाना १८९४ साली मुंबईत निघाला, पुढे मळवलीला गेला, आणि लक्ष्मी-सरस्वती ओलिओग्राफच्या रूपाने देवघरात पोचल्या. त्याच छापखान्यासाठी काही काळ काम केलेले दादासाहेब फाळके पुढे चित्रपटाकडे वळले. 'मनोरंजन'ने १९०९ साली पहिला दिवाळी अंक काढला आणि मुखपृष्ठ ही वाट पाहण्याची गोष्ट झाली. दीनानाथ दलाल मडगावचे. मुंबईत त्यांनी स्वतःचा स्टुडिओ थाटला, १९४५ साली स्वतःचं 'दीपावली' सुरू केलं, आणि शेकडो पुस्तकांना चेहरा दिला. रघुवीर मुळगावकरही गोव्याचेच. त्यांची कॅलेंडरं वर्ष संपल्यावर काढून टाकायला कुणी धजायचं नाही. खालचा तारखांचा भाग कापून वरचं चित्र चौकटीत जायचं. हे दोघे आजच्या शब्दांत फ्रीलान्सरच होते. आणि एक गोष्ट छापखानेवाला म्हणून सांगतो: त्यांना आपलं चित्र ब्लॉकवर कसं उतरेल हे नीट ठाऊक असायचं. कुठला रंग छपाईत मातकट होईल आणि कुठली रेघ जाळीत बुडेल, याचा अंदाज चित्र काढतानाच घेतलेला असायचा. ही जाण गॅलरीत टांगण्यासाठी काढलेल्या चित्राला लागत नाही. ती वेगळी विद्या आहे आणि अवघड आहे.

आता या पुस्तकातल्या एका कामाकडे जवळून पाहू. पन्हाळ्याच्या वाटेवरच्या एका गुऱ्हाळमालकाला एक किलोच्या रव्यांसाठी खोकं हवं होतं. तो खोक्यावर बरंच काही मागत होता: बैलजोडी, ऊस, महालक्ष्मीचं मंदिर, स्वतःचा फोटो, आणि 'सेंद्रिय' हा शब्द तीन ठिकाणी. चित्रकर्तीने हो किंवा नाही काहीच म्हटलं नाही. ती वही घेऊन गुऱ्हाळावर जाऊन बसली. दिवाळीनंतर हंगाम सुरू झाला की तिथे पहाटेच काहिलीला जाळ लागतो. चुलवाणात चिपाडं पडतात, रस तापायला लागतो, भेंडीचं चिकट पाणी घातलं की मळी वर येते, ती झाऱ्याने काढत राहायची. शेवटच्या टप्प्यात सगळे गप्प होतात, कारण पाक उतरवायचा क्षण एकट्या गुळव्याला कळतो. लवकर उतरवला तर गूळ बसत नाही, उशीर झाला तर करपतो.

त्या भेटीतून आधी आली ती जलरंगातली चित्रं, पहिल्या विभागातली. त्यांत वाफ रंगवलेलीच नाही. वाफ म्हणजे कोरा सोडलेला कागद आहे. जलरंगात पांढरा रंग वापरायचा नाही हा जुना दंडक ती पाळते, पण त्यातली खरी करामत दुसरीकडे आहे. कोरा कागद वाफेसारखा दिसायचा तर त्याची कड कुठे विरघळवायची आणि कुठे तीक्ष्ण ठेवायची हे ओल्या रंगावरच ठरवावं लागतं, आणि त्याला काही क्षणच मिळतात. चौथ्या चित्रात काहिलीच्या डाव्या काठाशी पाहा. गुळव्याचा हात मनगटापर्यंत नीट दिसतो, पुढे बोटं वाफेत गेली आहेत, आणि झाऱ्याचा दांडा पलीकडून पुन्हा बाहेर आला आहे. मधली बोटं आपण स्वतःच पाहून घेतो. अबालाल रहिमान यांनी याच कोल्हापूरची तळी आणि झाडं रंगवली, तेव्हापासून या गावात जलरंगाची जी एक पकड आहे, तिचं नातं मला या चित्रात दिसलं.

खोक्यासाठी तिने या चित्रांतलं एकही उचललं नाही, आणि तिथे तिची समज दिसते. खोकं जाड कोरुगेटेड पुठ्ठ्याचं, छपाई स्क्रीनची. स्क्रीनच्या जाळीतून बारीक रेघ नीट उतरत नाही, पुठ्ठ्याच्या लाटांवर ती तुटते. म्हणून वाफ, छटा, हात, सगळं बाजूला ठेवून तिने फक्त काहील घेतली: वरून दिसणारं एक मोठं वर्तुळ, त्यात झाऱ्याची एक फिरलेली पट्टी. आणि 'गूळ' ही दोन अक्षरं, रुंद ब्रशने लिहिलेली. दीर्घ ऊकाराचा फाटा झाऱ्याच्या पट्टीच्या वळणानेच फिरतो. छपाई एकाच रंगात, पुठ्ठ्याच्या तपकिरीवर काळा. लेबल चिकटवायचा प्रस्ताव तिने आधीच नाकारला होता, कारण पावसाळ्यात गूळ पाझरतो, खोकं ओलसर होतं आणि लेबलं सुटून येतात. आत रव्याला बटर पेपर, वर सुती दोऱ्याला बांधलेली एक चिठ्ठी. चिठ्ठीचा कागद माझ्याच छापखान्यातली कात्रणं. गुऱ्हाळमालकाला आपला फोटो नाही याचं वाईट वाटलं होतं. चिठ्ठीवर गुळव्याचं आणि त्याचं नाव छापल्यावर तो राजी झाला.

आता मला सांगा, यात चित्र कुठे संपलं, डिझाइन कुठे सुरू झालं आणि हस्तकला कुठली? ती सकाळी गुऱ्हाळावर बसली नसती तर झाऱ्याची फेर धरणारी पट्टी तिला सुचली नसती. वर्षानुवर्षं पुठ्ठे कापले नसते तर खोकं ओलावा धरतं हे तिला कळलं नसतं. आणि हाताने अक्षरं घोटली नसती तर 'गूळ' कुठल्यातरी तयार फाँटमध्ये टाइप झाला असता. म्हणून तिन्ही गोष्टी एका पुस्तकात आहेत.

अक्षरांबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण तो माझा विषय आहे. कोल्हापुरात महाद्वार रोडपासून शाहूपुरीपर्यंत एके काळी दुकानांच्या पाट्या हाताने रंगवल्या जायच्या. पेंटर भिंतीवर किंवा पत्र्यावर खडूची पूड लावलेला दोरा ताणून सोडायचा, सरळ रेघ उमटायची, ती शिरोरेघ. मग चपट्या ब्रशने वरून खाली एकेक दंड. अक्षर उभं राहिल्यावर त्याला एका बाजूने सावली. प्रत्येक पेंटरच्या 'श्री'चं वळण वेगळं, ओळखू येणारं. नाटकांच्या जाहिरातीत कमल शेडगे यांनी जे केलं, अक्षरालाच नाटकाचा स्वभाव देऊन टाकला, तेही याच कुळातलं. फ्लेक्स आला तशी ही माणसं कामावाचून बसली. कित्येकांनी ब्रश ठेवून दिले. चित्रकर्ती अशा दोन जुन्या पेंटरांकडे जाऊन बसायची, त्यांच्याकडून दंडाचा दाब आणि वेलांटीची सुरुवात शिकली. पुस्तकाच्या तिसऱ्या विभागात त्यांच्यासोबत रंगवलेल्या पाट्यांचे फोटो आहेत आणि खाली तिघांचीही नावं आहेत.

संगणकावर देवनागरी आज सुंदर दिसू शकते. र. कृ. जोशी यांनी आपल्या लिपीला संगणकावर आणण्यासाठी उमेदीची वर्षं घातली. 'मंगल' हा फाँट त्यांचाच. मुंबईतल्या एक टाइपसारख्या तरुण मंडळींनी 'मुक्त' आणि 'बालू' हे फाँट सर्वांसाठी खुले केले. चित्रकर्ती ते आनंदाने वापरते. मजकुरासाठी फाँट, नावासाठी हात, असा तिचा साधा नियम आहे. हल्ली गिऱ्हाईक यंत्राकडून क्षणात करून घेतलेलं चित्र फोनवर दाखवतं आणि 'असंच पाहिजे' म्हणतं. त्या चित्रांतली मराठी अक्षरं बहुतेकदा मोडलेली असतात, काने-मात्रे भलतीकडे, जोडाक्षरं न वाचता येणारी. ती शांतपणे कागद काढते आणि गिऱ्हाइकाच्या दुकानाचं नाव त्याच्यासमोर लिहून दाखवते. त्यातले बरेचसे तिथेच बदलतात. आपलं नाव कुणीतरी आपल्यासमोर नीट लिहितंय हे पाहण्याचा परिणाम वेगळाच असतो.

वह्यांचा विभाग मी स्वतः हट्टाने मोठा करून घेतला. बाजारात हाताने केलेली वही म्हणून जे मिळतं त्यात पुष्कळदा आतला फर्मा यंत्राने चिकटवलेला असतो आणि वर फक्त कापड. इथे तसं नाही. कागदाला तंतूंची एक दिशा असते. ती दिशा वहीच्या कण्याला समांतर असली तर वही उघडल्यावर सपाट पडते. आडवी आली तर ओलाव्याने पान फुगतं आणि वही कायम मिटू पाहते. चित्रकर्ती प्रत्येक ताव हातात धरून हलकेच वाकवते, कुठल्या बाजूने तो सहज वळतो ते पाहते आणि मगच कापते. पुण्याच्या हातकागद संस्थेचा कागद ती वापरते. सुती चिंध्यांच्या लगद्यातून तिथे कागद होतो, आणि ही संस्था १९४० पासून ते काम करते आहे. हातकागदात तंतू सगळीकडे पसरलेले असल्यामुळे दिशेची अडचण कमी, पण जाडी एकसारखी नसते, म्हणून टाके जवळ घ्यावे लागतात. तिची शिवण कण्यावर उघडी असते. दोऱ्याला मेण, खळीला मोरचूद, म्हणजे कसर लागत नाही. आमच्या जुन्या बाइंडरांची ही रीत. तिने एका म्हाताऱ्या बाइंडरकडून ती घेतली, आणि तो गेल्यावर आता गावात ती रीत जाणणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरले आहेत.

या वह्यांची किंमत ऐकून लोक थबकतात. तेवढ्या पैशांत बाजारात अर्धा डझन वह्या येतात हे खरं आहे. पण एका वहीत दुपार जाते, आणि त्या दुपारची किंमत सांगायला संकोच करायचा नाही हे तिला शिकायला वेळ लागला. सुरुवातीला ती फक्त कागद-दोऱ्याचा खर्च धरायची. तरुण कलावंत, त्यातून मुलगी, त्यातून घरी बसून काम करणारी, म्हणजे छंदच असणार अशी समजूत घरात आणि गावात दोन्हीकडे असते. ओळखीचे लोक 'जरा एक पत्रिका करून दे की' म्हणून हक्काने सांगतात. मला हे फार लागतं. सुताराला कुणी ओळखीवर दार फुकट करून मागत नाही.

पैशाच्या आणि हक्काच्या बाबतीत काही गोष्टी मी इथे मुद्दाम लिहितो, कारण हे पुस्तक तिच्यासारखी आणखी मुलंमुली वाचतील. एका संस्थेने तिच्याकडून एक चित्र मुखपृष्ठासाठी घेतलं, आणि पुढे तेच चित्र कापून, रंग बदलून, नाव न देता दुसऱ्या दोन ठिकाणी छापलं. करारपत्र झालेलं नव्हतं. आपल्याकडे असं होतं कारण दोन्ही बाजूंना कायदा माहीत नसतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार कलाकृतीचा पहिला हक्क तिच्या कर्त्याचा. पण त्याला अपवाद आहेत. नोकरीत असताना नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कामाचा हक्क मालकाकडे जातो. आणि मोबदला देऊन कुणी सांगून काढून घेतलेल्या चित्राचा किंवा व्यक्तिचित्राचा हक्क, उलट करार नसेल तर, ते काढून घेणाऱ्याकडे जातो. म्हणजे ऑर्डरचं चित्र काढणाऱ्याने दोन ओळींचा करार आधी केला नाही तर त्याचंच चित्र कायद्याने त्याचं राहत नाही. हक्क हस्तांतरित करायचा तर तो लेखी आणि सहीनिशी करावा लागतो. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर भारत धरतात. आणि हक्क विकून टाकला तरी आपलं नाव लावून घेण्याचा, तसंच आपली प्रतिष्ठा जाईल अशी मोडतोड रोखण्याचा अधिकार कर्त्याकडे राहतोच. नाव कापणाऱ्या त्या संस्थेला हे शेवटचं कलम दाखवल्यावर पुढच्या आवृत्तीत तिचं नाव आलं.

दुसरी बाब वेळेवर पैसे मिळण्याची. सूक्ष्म उद्योग म्हणून उद्यम नोंदणी केलेल्या व्यक्तीचं बिल लेखी करार असेल तरी जास्तीत जास्त पंचेचाळीस दिवसांत चुकतं करणं २००६ च्या कायद्याने खरेदीदारावर बंधनकारक आहे. उशीर झाला तर व्याजासह. एका खोलीत एकटीने काम करणारी मुलगीही ही नोंदणी करू शकते, आणि ती ऑनलाइन, फी न भरता होते. चित्रकर्ती आता प्रत्येक कामाआधी अर्ध्या पानाचं पत्र देते: काय करणार, किती वेळा बदल करून देणार, कुठे छापायला परवानगी, नाव कुठे येणार, आगाऊ किती. ते पत्र पाहून दोनचार गिऱ्हाइकं गेली. बाकीची टिकली, आणि टिकलेली चांगली होती. या पत्राचा नमुना पुस्तकाच्या शेवटी जोडला आहे. कुणीही तो उतरून घ्यावा.

कामाविषयी माझ्या तक्रारीही सांगतो, नाहीतर प्रस्तावनेला अर्थ नाही. ॲक्रिलिकमधली शहराची चित्रं मला कमी पटली. त्यांत रंग भडक आहेत म्हणून नव्हे. भडक रंग कोल्हापूरला शोभतात. पण त्या चित्रांत ती चौकटीच्या चारही कोपऱ्यांत काहीतरी ठेवते आणि नजरेला थांबायला जागा उरत नाही. पोस्टर करताना लागलेली सवय तिथे कॅनव्हासवर आली आहे असं मला वाटतं. माणसांच्या आकृत्या पाठमोऱ्या फार आहेत. चेहरा टाळण्याची ही युक्ती सगळेच तरुण चित्रकार करतात, तिने ती लवकर सोडावी. बालवाडीच्या भिंतीवर तिने वारलीच्या वळणाची माणसं काढली आहेत, आणि त्याबद्दल आमचा बराच वाद झाला. वारली चित्र ही डहाणू-तलासरीकडच्या बायकांनी लग्नाचा चौक म्हणून गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठीने काढलेली गोष्ट. सत्तरच्या दशकात ती कागदावर आली, आणि जिव्या सोमा मशे यांच्या हातून तिला स्वतंत्र चित्रभाषेचा मान मिळाला. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. आज ती कुठल्याही हॉटेलच्या भिंतीवर, कुणाच्याही हातून, नुसती नक्षी म्हणून दिसते. चित्रकर्तीने माझं ऐकून घेतलं, भिंत तशीच ठेवली, पण पुढच्या शाळेच्या कामात तिने कोल्हापुरातल्याच मुलांचे खेळ स्वतःच्या रेषेत काढले. ती दुसरी भिंत पाहा. सुरपारंब्या खेळणारी पोरं आहेत, आणि झाडावरून उतरणाऱ्या मुलीचा पाय कुठे पडणार याची चिंता आपल्याला वाटते. तिच्या माणसांना वजन आलेलं मी पहिल्यांदा तिथे पाहिलं.

सावंतवाडीचा एक संदर्भ या पुस्तकात वारंवार येतो, तो का ते सांगतो. तिथल्या चितारी मंडळींची गंजिफा ती काही आठवडे राहून शिकली. दशावतारी गंजिफेत १२० पत्ते असतात, प्रत्येक गोल, हाताने रंगवलेला. चिंचोक्याच्या खळीने आणि खडूच्या लेपाने तयार केलेल्या पृष्ठावर घोटून घोटून गुळगुळीतपणा आणायचा, मग रंग, वर लाख. पत्ता हातात धरायचा असल्यामुळे तो कितीही सुंदर असला तरी घसरला पाहिजे, गड्डीत एकसारखा बसला पाहिजे. खेळायला निरुपयोगी असलेला सुंदर पत्ता तिथले चितारी बाजूला काढून टाकतात, हे तिने पाहिलं आणि वहीत लिहून ठेवलं. लग्नपत्रिकांच्या विभागातली गोल पत्रिका तिथून आली आहे. पत्रिका उघडल्यावर आत दोन्ही घरांच्या माणसांची नावं वर्तुळात फिरतात, आणि वाचणारा ती हातात फिरवत फिरवत वाचतो.

पुस्तकाची मांडणी चित्रकर्तीची आहे. प्रत्येक चित्राखाली मूळ आकार, माध्यम आणि ते कुणासाठी केलं हे दिलेलं आहे. स्वतःसाठी केलं असेल तर तसं लिहिलं आहे. छपाईत जलरंगांचा निळा थोडा थंड आला आहे, त्याला इलाज नव्हता. छापखान्याच्या चार शाईंतून तो तसाच येतो. ज्यांना मूळ रंग पाहायचे असतील त्यांनी दसरा चौकातल्या शाहू स्मारक भवनातल्या प्रदर्शनाला जरूर यावं. तिथे गुळाची खोकी चित्रांच्या शेजारीच, त्याच उंचीवर मांडायची ठरली आहेत.

शेवटचा विभाग नाकारलेल्या कामांचा आहे. तो असावा असा आग्रह माझा, आणि चित्रकर्ती आधी तयार नव्हती. त्यात एका पतसंस्थेच्या बोधचिन्हाचे अकरा कच्चे आराखडे आहेत. त्यांतला एकही गेला नाही, पण नववा जो आहे, मुठीत धरलेल्या धान्याचा, तो मला अख्ख्या पुस्तकातला सर्वांत पक्का वाटतो. पतसंस्थेला नाणं हवं होतं. ते तिने काढून दिलं, पैसे घेतले, आणि मूठ स्वतःकडे ठेवली. करारात तसं लिहिलेलं होतं.